कोरडी आंघोळ

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ. एस्टिमेटची रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार. हजर माणसं चार: प्रमोद, त्याची बायको स्वाती, त्याची आई आनंदीमावशी आणि मी. जागा करंजाड्यातला त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

"यात काच धरली का?" प्रमोदनं विचारलं.

"नाही."

"मग धरा, मॅडम. काच पाहिजेच."

मी बाथरूमची कामं करते. सिव्हिलचा डिप्लोमा केला, बरीच वर्षं एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होते, आता स्वतःचं काम आहे. कळंबोलीपासून करंजाड्यापर्यंत लोक हॉल आणि किचनसाठी इंटिरियर डिझायनर बोलावतात आणि बाथरूमसाठी मला, कारण हॉल बिघडला तर फक्त पाहुणे नावं ठेवतात, बाथरूम बिघडली तर खालच्या मजल्यावरचा माणूस वर येतो.

प्रमोद बंदरात क्रेन चालवतो. स्वाती पतपेढीत आहे. मावशी उरणकडच्या कोळीण. जन्मभर पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची आणि पनवेलच्या बाजारात बसून विकायची, हे त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. या आजारात हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून वाईट हे, की माणूस पाऊल उचल म्हणतो आणि पाऊल उचलत नाही. गणपतीत मावशी बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांना आंघोळ स्वाती घालत होती.

प्रमोदच्या फोनमध्ये बाथरूमचे फोटो होते. किती, ते त्यालाही माहीत नसावं. तो बोट सरकवत राहिला. छतातून पावसासारखा पडणारा शॉवर. काळे नळ. भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात मेणबत्ती. आणि प्रत्येक फोटोत काचेचं पार्टिशन, म्हणजे ओली जागा आणि कोरडी जागा वेगळी करणारी उभी काच.

"प्रमोद, यातल्या एका तरी फोटोत बादली दिसते का?"

"बादली कशाला?"

"मावशी शॉवरखाली आंघोळ करतात?"

स्वाती म्हणाली, "नाही हो. आईंना बादली आणि तांब्याच लागतो."

मावशी खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांनी फोन मागून घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले. "या काचंच्या मधी मी काय पापलेट हाय का? लोकांनी भायेरून बघायला?"

स्वाती हसली. प्रमोदही हसला, पण काच त्यानं सोडली नाही.

मी मावशींना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मना माझ्या हातानं आंघोळ करायची हाय, बाय. बाकी रंग कुठला पण लावा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरीनं कायपण कमी केलं नाय. पण लाज मरत नाय ना."

स्वाती उठून चहा ठेवायला गेली.

आता माझ्या कामाची पद्धत सांगते. मी फोटोंपासून सुरुवात करत नाही. फोटो दुसऱ्याच्या बाथरूमचा असतो आणि त्यात माणूस नसतो. मी कोरडी आंघोळ घालते. ज्याच्यासाठी बाथरूम करायची, त्यानं अंगावरच्या कपड्यांवर, नळ बंद ठेवून, रिकामी बादली घेऊन, रोजची सगळी आंघोळ पहिल्यापासून करून दाखवायची. मी दाराशी बसते. उजवा हात जिथे टेकेल तिथे निळ्या मेणखडूची खूण, डावा टेकेल तिथे लाल. पाय कुठे ठेवला, वळले कुठे, हेही. सगळं झालं की खुणांची मापं काढायची आणि मगच डिझाइन. लोकांना हे हास्यास्पद वाटतं. साबण आपण कुठल्या हातानं उचलतो हे विचारलं तर दहातले बरेच जण चुकीचं सांगतात. हात मात्र चुकत नाही.

"मावशी, चला, आंघोळ करू या."

"आता? तुझ्यासमोर?"

"लुगड्यावरच. पाण्याशिवाय. नुसतं करून दाखवायचं."

"नाटक."

"हो, नाटक."

"मग तिकीट लाव," त्या म्हणाल्या, आणि उठायला हात पुढे केला.

प्रमोदला मी हॉलमध्ये बसवलं. मुलानं हे बघायचं नसतं, कोरडी असली तरी.

मावशी स्टुलावर बसल्या, पडायच्या आधी स्वतः करायच्या तशी आंघोळ दाखवायला. आधी पदर कमरेला खोचला. मग रिकाम्या बादलीत हात घालून पाणी किती गरम आहे ते बघितलं. मग तांब्या. तांब्या डाव्या हातात आला, कारण उजवा थरथरत होता. पहिला तांब्या उजव्या खांद्यावर, दुसरा डाव्या, मग पाठीवर, मान पुढे घालून. पाठीवर घेताना तोल जायचा, तेव्हा उजवा हात भिंत शोधायचा. तो जिथे टेकला ती जागा खिडकीच्या खाली होती, नेहमीच्या दांडीपेक्षा खाली आणि आत. या धरायच्या दांडीला आमच्याकडे ग्रॅब बार म्हणतात. ती कंपनीच्या कागदावर दाखवलेल्या उंचीवर लावली असती, तर मावशींना त्यावर टॉवेल वाळत घालता आला असता. धरता आली नसती.

बसून आंघोळ करायची बैठकही नेहमीची चालणार नव्हती. मावशींची उंची कमी. बाजारात मिळणाऱ्या घडीच्या बैठकीवर त्यांचे पाय लोंबकळले असते, आणि लोंबकळत्या पायांनी कोणी स्वतःहून उठत नाही.

शेवटी त्यांनी तोंडावरून हात फिरवला, उठल्या, आणि कोपऱ्यातला वायपर घेऊन कोरडी लादी पुसायला लागल्या.

"हे कशाला, मावशी?"

"कशाला म्हंजे? मोरी कोरडी करून नको द्यायची? आमच्या घरात मोरी एक आनि मानसं नऊ. आपली आंघोळ झाली का मागच्याला कोरडी करून द्यायची. वल्यात कोन जाईल?"

मी वायपरच्या जागेचीही खूण केली.

बाहेर येऊन मी प्रमोदला सांगितलं, "काम दोन आठवड्यांचं आहे. दिवाळीआधी सुरू करू. मावशींची मापं आता आहेत."

"दिवाळी होऊ दे, मॅडम. पाहुणे येतील आणि बाथरूम तोडलेली."

घर त्याचं होतं. मी हो म्हटलं.

दिवाळी झाली. मग टाइल्सचा शोध सुरू झाला. प्रमोदला समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा रंग हवा होता. सुट्टीच्या दिवशी तो एका शोरूममधून दुसऱ्या शोरूममध्ये जायचा, आणि प्रत्येक ठिकाणाहून मला फोटो. त्याच्या मेहुण्यानं सांगितलं, नळ सेन्सरचे घ्या. मामांनी सांगितलं, टब बसवा. क्रेनवरच्या जोडीदारानं दुबईचा कुठला व्हिडिओ पाठवला. तो सगळं मला पुढे पाठवायचा, आणि खाली लिहायचा, 'हे कसं वाटतं?' मी उत्तर द्यायचे, 'मावशींना उपयोग नाही.' तो अंगठा पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा फोटो.

एकदा मी फोनवर स्पष्टच बोलले. "प्रमोद, तुम्ही आईसाठी बाथरूम करताय की हॉटेलसाठी?"

तो म्हणाला, "मॅडम, आमच्या गावच्या घराला बाथरूम नव्हती. मागच्या अंगाला चार वासे, त्यावर गोणपाट. आये अंधारात आंघोळ करून धक्क्यावर जायची. वारा आला की गोणपाट उडायचा, ती एका हातानं धरून ठेवायची. एका हातानं गोणपाट, दुसऱ्या हातानं तांब्या. मी लहान होतो, पण मला आठवतंय. आता देईन ती हॉटेलसारखीच देईन."

काच मी एस्टिमेटमध्ये धरली. बारा हजार.

हिरव्या टाइल्स आल्या त्या दोन छटांच्या निघाल्या. परत गेल्या. पुन्हा यायला महिना लागला. मध्ये त्याच्या मामेबहिणीचं लग्न झालं. स्वाती एकदा मला बाजारात भेटली. मी मावशींची चौकशी केली.

"आता गाउन घालतात," ती म्हणाली. "लुगडं नेसवत नाही त्यांच्यानं. मला नेसवू देत नाहीत."

त्या दिवशी मी प्रमोदला फोन करून सांगितलं, टाइल्स येवोत न येवोत, पुढच्या सोमवारी तोडफोड सुरू करते. तो तयार झाला. सोमवारी अस्लमभाई, माझे मिस्त्री, हातोडा घेऊन आत गेले. मावशींना लेकीकडे उरणला पाठवलं होतं. जुन्या टाइल्सवर माझ्या निळ्या-लाल खुणा तशाच होत्या. कोणी पुसल्या नव्हत्या. अस्लमभाईंनी त्यांच्यावरच पहिला घाव घातला, कारण नळाची लाइन तिथूनच जात होती. मापं माझ्या ड्रॉइंगवर होती, त्यामुळे नुकसान काही नव्हतं.

काम चांगलं झालं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आम्ही लादीवर पाणी भरून दोन दिवस उभं ठेवलं आणि खालच्या मजल्यावरच्या छताला हात लावून बघितला. कोरडं होतं. उतार असा काढला, की तांब्याभर पाणी कुठेही ओतलं तरी थेट जाळीकडे जावं. बैठक खास करून घेतली, पाय टेकतील अशी. दांडीच्या मागे भिंत पक्की भरली.

दांडी लावायच्या दिवशी अस्लमभाई ड्रिल हातात घेऊन थांबले. "मॅडम, होल मारू? बादमें सरकेगा नहीं. टाइल बरबाद होईल."

मी प्रमोदला फोन लावला. "दांडी लावायच्या आधी मावशींना तासभर आणा. पुन्हा कोरडी आंघोळ घेऊ."

"एवढ्या लांबून आणायचं? गाडीत बसवायलाच अर्धा तास जातो हल्ली. मापं आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत. पण दसऱ्याची आहेत."

"माणसाची उंची काय बदलते, मॅडम?"

मी एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी अस्लमभाईंना होल मारायला सांगितलं.

होळीच्या आदल्या आठवड्यात मावशी आल्या. प्रमोदनं दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं, बाथरूमच्या दाराला. हिरव्या टाइल्स खरंच सुंदर दिसत होत्या. काच चकचकीत. मावशींनी दारातून सगळं बघितलं. चेहरा आता फारसा हलत नव्हता. या आजारात चेहराही हळूहळू गप्प होतो. त्यामुळे आवडलं की नाही, हे मला कळलं नाही.

"आये, बस ना," प्रमोद म्हणाला.

स्वातीनं आणि मी त्यांना बैठकीवर बसवलं. पाय टेकले. बरोबर टेकले, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मी मनात म्हटलं, झालं.

"आता पाठीवर तांब्या घेताना धरता तशी दांडी धरा, मावशी."

उजवा हात निघाला. सावकाश, थरथरत, पण नेमका खिडकीच्या खाली गेला. दांडी तिथेच होती. बोटं दांडीवर टेकली आणि टेकलेलीच राहिली. मिटेनात. मावशी हाताकडे बघत होत्या, आम्हीही बघत होतो. हात घसरून मांडीवर पडला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

डाव्या हातात मी तांब्या दिला. तो लादीवर पडला. नव्या बाथरूममध्ये आवाज फार मोठा होतो.

प्रमोद माझ्याकडे वळला. "मॅडम, दांडी थोडी खाली घेऊ या का? पुढे? टाइलचं काय होईल ते होऊ दे."

मी बोलायच्या आधी मावशीच म्हणाल्या, "किती खाली घेशील रं?"

प्रमोदनं लादीवर पडलेला तांब्या उचलला.

"दांडी बराबर हाय," त्या मला म्हणाल्या. "तुझी काय चूक नाय, बाय. हात तिथंच गेला बघ. फक्त आता त्याच्यात जीव नाय."

प्रमोद बाहेर गेला. थोड्या वेळानं मी हॉलमध्ये आले तर तो खिडकीशी उभा होता.

"दिवाळीआधी केलं असतं तर?"

"तीन-चार महिने मिळाले असते," मी म्हटलं. नसते मिळाले, असं सांगता आलं असतं. पण मापं मी घेतली होती. दसऱ्याला तो हात दांडी धरू शकत होता.

"तीन-चार महिने," तो म्हणाला. "स्वतःच्या हातानं."

पुढचा हिशेब त्याचा त्यानं केला. मी केला नाही.

मी तशीच परत जाऊ शकले असते. काम ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण होतं. पण ज्यासाठी बाथरूम केली ती गोष्ट झाली नव्हती, म्हणून पुन्हा आत गेले आणि स्वातीला म्हटलं, "चला, कोरडी आंघोळ. या वेळी दोघींची."

स्वाती समोर उभी राहिली आणि तांब्या हातात घेतला. मावशींनी डोळे मिटून मान भिंतीकडे वळवली. तेव्हा मला दिसलं ते आधी दिसायला हवं होतं. गणपतीपासून रोज हे असंच चाललं असणार. एक डोळे मिटून बसलेली, दुसरी खाली बघत पाणी घालणारी.

"मावशी, हिनं कुठे उभं राहिलेलं चालेल?"

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "मागं. मागून पानी घाल म्हनावं. पुढचं माझं मी बघेन, जमंल तेवढं. आनि मधी आडोसा पायजे."

"आये, काच आहे ना," प्रमोद दाराबाहेरून म्हणाला.

"काचंचा आडोसा होतो का रं?"

"बारा हजारांची काच आहे ती."

"मग तिच्यावर बारा हजारांचा पडदा टाक."

स्वातीला हसू आलं आणि त्याच वेळी तिनं ओढणीनं डोळे पुसले. मावशींच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण टोमणा मारल्यावर त्या नेहमी मान किंचित तिरकी करायच्या, तशी केली.

मग आम्ही दोघींची मापं घेतली. स्वातीचं स्टूल बैठकीच्या मागे. काचेच्या आतून, बसलेल्या मावशींच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक दांडा आणि त्यावरून खाली सोडलेला पडदा, म्हणजे स्वातीला मागून डोकं आणि खांदे दिसतील, तोल गेला तर धरता येईल, आणि बाकी काही दिसणार नाही. काठाला बारीक वजन, खिडकीतल्या वाऱ्यानं उडू नये म्हणून. ते प्रमोदनं सुचवलं. त्यानं या बाथरूमसाठी सुचवलेल्या सगळ्या कल्पनांपैकी हीच एक मी ड्रॉइंगवर घेतली.

स्वाती म्हणाली, मॉलमध्ये प्लास्टिकचे पडदे मिळतात, माशांची चित्रं असलेले.

"मासं नको," मावशी म्हणाल्या. "जन्मभर तेच बघितलं."

जाड सुती कापड घेतलं, गडद निळं.

पडदा लावल्यावर आठवड्यानं मी बघायला गेले. स्वातीनं सांगितलं, आई आता डोळे मिटत नाहीत. पडद्याच्या आतून बोलतात. पाणी गार आहे, हात जरा चालव, आज बाजारात बांगडा काय भाव होता. आंघोळ झाली की स्वाती वायपर मारते आणि मावशी पडद्यामागे बसून कोपरा राहिला म्हणून सांगतात. दांडी तशीच आहे. तिच्यावर टॉवेल असतो.

या कामातून मी एक नियम केला. आजारी माणसाच्या बाथरूमची मापं घेतली की ड्रॉइंगवर त्याखाली लिहिते, कधीपर्यंत वापरता येतील. दुधाच्या पिशवीवर असतं तसं. गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. कल्पना गोळा करायला किती वेळ आहे, असं कोणी विचारलं तर मी ती ओळ दाखवते.

माझा शेवटचा हप्ता प्रमोदनं होळीनंतर लगेच दिला, ठरला होता तेवढा. राहिले पडद्याचे. शिंपी पनवेलच्या बाजारातला, मावशींच्या जुन्या बसायच्या जागेच्या समोरचा. कापड आणि शिलाई मिळून तीनशे ऐंशी रुपये. प्रमोद खिशात हात घालत होता, मावशींनी त्याला थांबवलं. "आडोसा माझा हाय," म्हणाल्या. बटव्याची दोरी स्वातीनं सोडली. नोटा मात्र मावशींनी स्वतः काढल्या, एकेक, बोटांना जेवढा वेळ लागला तेवढा घेऊन. तीनशे ऐंशी. स्वातीबरोबर शिंप्याला पाठवले.